आधीं चार बोटें विणा

आपल्याला काय हवें आहे हें माणसाला पुष्कळदां तें डोळ्यांनीं पाहिल्यावरच कळतें. एवढी साधी गोष्ट पटावयास आम्हांस पन्नाशी गाठावी लागली. आणि ती शिकविली एका कारखानदारानें.

आमची भिवंडी यंत्रमागांची. येथें बहुतेक मागांवर साधें कोरें कापड निघतें. लहानसहान नक्षीचें निघतें तें डॉबीवर. डॉबीला लाकडी पट्ट्यांची साखळी असते आणि पट्ट्यांच्या भोंकांत खुंट्या बसविलेल्या असतात. कोणत्या भोंकांत खुंटी आहे त्यावरून ताण्याच्या धाग्यांची कोणती चौकट उचलली जाईल तें ठरतें. सारी नक्षी एवढ्यांतच.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें अशा नक्ष्यांचा संगणकीय संग्रह करावयास घेतला. आम्ही कॉडसाहेबांच्या १९७० च्या निबंधावर वाढलेले. आधीं सगळीं कोष्टकें ठरव, मग पहिली ओळ लिही, हा आमचा दंडक. मुलगा ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसांविषयीं वाचून आला होता. नक्षी ही एक अखंड वस्तु. तिच्या पोटांत पट्ट्या, पट्ट्यांच्या पोटांत खुंट्या. कोष्टकांत ती फाडून ठेवावी लागते व पाहतांना पुन्हां शिवावी लागते. त्यापेक्षां अर्धामुर्धा नमुना आजच चालवून दाखवूं, असें त्याचें म्हणणें. आम्हीं त्याला उतावळा ठरविलें आणि गुणही तसेच दिले.

पुढें एकदां त्याच्या वडिलांच्या कारखान्यांत गेलों. व्यापाऱ्यास नक्षी पसंत नव्हती. वडिलांनीं माग थांबविला, दोन खुंट्या हलविल्या आणि चार बोटें कापड विणून पुढें केलें. ताणा तोच, बीम तोच. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "कागदावर कोण हो म्हणतो, सर?"

घरीं येऊन ओरायनवरचा १९८७ चा निबंध पुन्हां काढला. अमेरिकेंत ऑस्टिन येथें झालेल्या त्या प्रकल्पाची युक्ति अशी, कीं संग्रहाची घडण बदलली तरी जुन्या नोंदी लगेच नव्यानें लिहावयाच्या नाहींत; जी मागितली जाईल ती त्या वेळीं नव्या रूपांत द्यावयाची. म्हणजे खुंटी हलवावी, ताणा कापूं नये. यंत्राचा आराखडा असो वा कापडाची नक्षी, रचनाकाराचें काम मुळांतच बदलाचें असतें.

कोष्टकें हरलीं नाहींत. बाजारांत तींच टिकलीं, आणि बँकेच्या खात्यांस तींच शोभतात. चूक कोष्टकांची नव्हती, आमची होती. गुणपत्रिका आतां बदलतां येत नाहीं. त्या मुलास तसें कबूल करणारें पत्र मात्र आम्हीं लिहिलें; आणि तेव्हांपासून वर्गांत सांगतों, आधीं चार बोटें विणून दाखवा, कोष्टकांचें मग पाहूं.