करेरीच्या नोंदींतली वसई

लंडनमध्ये सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीचं बोट धरून निघणाऱ्या पदभ्रमंती आहेत. सीदिंग लेनमध्ये त्याची कचेरी होती, जवळच्या सेंट ओलाव्ह चर्चमध्ये त्याची कबर आहे, आणि १६६६च्या आगीत त्याने चीज जमिनीत पुरल्याची गोष्ट तर प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. हाच पेपिस १५ मे १६६३ रोजी लिहितो, की मुंबईच्या बाबतीत पोर्तुगीजांनी आपल्याला फसवलं. बेट १६६१च्या विवाहतहात इंग्रजांना दिलेलं, ताबा मात्र मिळत नव्हता. त्या मुंबईचा कारभार तेव्हा वसईकडे होता.

वसईलाही असे लिहिते पाहुणे लाभले आहेत. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५मध्ये येऊन गेला. सज्जांची घरं आणि खिडक्यांना काचेऐवजी लावलेले शिंपले त्याच्या नजरेत भरले. नेपल्सचा वकील जेमेली करेरी १६९५मध्ये आला. त्याने रुंद, सरळ रस्ते पाहिले, आणि साथीने ओस पडलेला उत्तरेकडचा भागही. म्हणजे मराठ्यांचे सेनानी चिमाजी अप्पा यांनी १७३९मध्ये वसई जिंकण्याआधी चव्वेचाळीस वर्षं हे शहर आतून रितं होऊ लागलं होतं.

वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक फेऱ्या १७३९च्या त्या वेढ्याभोवती फिरतात, आणि ते योग्यच आहे. मराठ्यांनी दिलेली किंमत फार मोठी होती. पण तारखांच्या बरोबरीने करेरीच्या नोंदी हातात असल्या, तर सेंट जोसेफ चर्चचा मनोरा नुसता पडका अवशेष राहत नाही. त्याच्या पायथ्याशी कोण राहत होतं, कुठली गल्ली रिकामी झाली, असले प्रश्न सुचतात. वास्तू समजायला हेच प्रश्न लागतात.

करेरी तटाबाहेरही गेला. मैलोन्मैल पसरलेल्या बागा, ऊस, आंबे, माड, पाणी ओढणारी यंत्रं आणि तिथे राबणारे ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू शेतकरी, हे सगळं त्याने टिपलं. ही आजच्या वसईकरांची वाडी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने १९८०च्या दशकाअखेर जो हिरवा पट्टा वाचवायला लढा उभारला, त्याची ओळख पटवणारा तीनशे वर्षं जुना साक्षीदार आहे करेरी.

विरार पूर्वेच्या चंदनसारमधल्या माणसाला मात्र हा पट्टा रुळांपलीकडचा. तिथे, डोंगराच्या बाजूला राहून अनेकांची वसई रेल्वे स्टेशनापाशीच संपते. त्यांच्यासाठी आखलेली फेरी किल्ल्यात थांबता कामा नये. सकाळी तट आणि चर्चं, मग पापडी, गिरीज, निर्मळ, शेवटी आगाशी. तिथे सुकेळी वाळवणाऱ्या बाईंनी केळी, खारं होत चाललेलं विहिरीचं पाणी आणि विकलेल्या शेजारच्या वाडीबद्दल सांगावं. वाटाड्याने तेवढा वेळ बोलू नये.