माहेर नसलेल्यांचे वर्ष

हातखंब्याच्या तिठ्यावर उतरणारा प्रवासी सहसा तेथे मुक्कामाला आलेला नसतो. मुंबई-गोवा महामार्ग येथे रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याला मिळतो. कोणाला शहरात जायचे असते, कोणाला घाट चढून कोल्हापूरकडे. चहा घ्यावा, पुढची गाडी पाहावी आणि निघावे, एवढाच बहुतेकांचा या गावाशी संबंध. परंतु कधी कधी अशीही व्यक्ती या रस्त्यावर दिसते, जिला पुढची गाडी नसते. कोणा मालवाहू गाडीवाल्याने दया येऊन वाटेत घेतलेली आणि मग वाटेतच उतरवलेली. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हापासून फार दूरच्या प्रांतांतून भरकटलेली माणसेही या किनारपट्टीवर पोहोचणे सोपे झाले. केस जटा झालेले, पायाला जखम, हातात एक बोचके. आणि विचारले तर उत्तर अशा भाषेत, जी तिठ्यावर कोणालाच कळत नाही.

मनोरुग्णांच्या बाबतीत रत्नागिरीचा वारसा जुना आहे. येथील मनोरुग्णालय १८८६ सालचे. ठाणे, येरवडा व नागपूर यांच्या जोडीने ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. पण रुग्णालय म्हणजे घर नव्हे. आजार आटोक्यात आला तरी न्यायला कोणी आले नाही तर माणसाने कोठे जावे, हा प्रश्न उरतोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याचे उत्तर निदान कागदावर दिले आहे. केवळ कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, या कारणास्तव कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या या मोकळ्या जागेत स्वयंसेवी संस्थांची निवासी घरे उभी राहतात. सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७ मध्ये पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे सुरू केलेल्या ‘माहेर’ या संस्थेचे कार्य हातखंबा परिसरातही पोहोचले आहे. नाव किती नेमके! ज्या स्त्रीला परत जायला जागा उरली नाही, तिला दिलेली जागा.

अशा घरांकडे पाहताना बाहेरच्या माणसाचे लक्ष खाटा, स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट यांकडे जाते. तेही पाहिलेच पाहिजे. परंतु औषधाने भास थांबतात, झोप लागते, आणि त्यानंतर उरतो तो एक लांबच लांब रिकामा दिवस. रस्त्यावर काढलेल्या वर्षांत त्या व्यक्तीचे कालभान विसकटलेले असते. आज वार कोणता, महिना कोणता, आपले वय किती, कशाचाच धागा लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका अशा वेळी फारशी कामाची नसते. ऋतू मात्र कामाचा असतो, कारण तो हाताला कळतो.

कोकणातले वर्ष तर हातानेच मोजावे असे. वैशाखात आगोटची घाई सुरू होते. पावसाचे चार महिने पुरेल एवढे सामान आधी घरात हवे. रातांबे फोडायचे, साले रसात भिजवून वाळवायची आणि पुन्हा भिजवायची, म्हणजे आमसूल काळेभोर होते. आंब्याचा रस ताटांत ओतून पोळ्या वाळवायच्या, पापड-सांडगे उन्हात घालायचे आणि कावळ्यांना हाकलत बसायचे. हे शेवटचे काम हलके समजू नये. जिला दुसरे काही जमत नाही अशी बाई काठी घेऊन दिवसभर वाळवणापाशी बसते आणि संध्याकाळी सर्वांच्या देखत सुपे आत आणते. मृगाच्या आसपास भाताची पेरणी, आषाढात चिखलणी आणि लावणी. मग श्रावण. कार्तिकाच्या सुमारास कापणी-झोडणी, नव्या भाताचे पोहे. पुढे कुळीथ, पावटा. माघ-फाल्गुनात शेताची भाजावळ आणि मग शिमग्याची पालखी.

यात सावधगिरीही लागते आणि ती शिकावी लागते. मानसिक आजारावरील काही औषधांनी ऊन लवकर बाधते, काहींनी हात थरथरतात, काहींच्या बाबतीत अंगातले पाणी कमी होणे धोक्याचे असते. म्हणून उन्हाळ्यातले अंगणातले काम सकाळी लवकर उरकायचे आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा. कोणाच्या हाती विळी द्यायची आणि कोणाच्या हाती केवळ निवडायचे तांदूळ, हे ठरवणाऱ्या ताईला डॉक्टरांइतकेच माणूस वाचता यावे लागते.

आणखी एक सावधगिरी कायद्याने घातलेली आहे. आजारी माणसाकडून सक्तीने काम करून घेता येत नाही, आणि त्याने काम केले तर योग्य मोबदला मिळण्याचा त्याला हक्क आहे. ही तरतूद अनेक हितचिंतकांना अनावश्यक वाटते. “खायला-प्यायला देतो, थोडे हात हलवले तर काय बिघडले?” असे सहज म्हटले जाते. बिघडते ते एवढेच, की काम आणि वेठ यांतला फरक पुसला जातो. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ने सिंधुदुर्गात मोरे येथे ‘स्वप्ननगरी’ उभारून अपंग बांधवांच्या हाती काजूप्रक्रियेचे काम दिले. कोकणातल्याच पिकातून कोकणातच उभा राहिलेला हा रोजगार त्या फरकाचे चांगले उदाहरण आहे.

मोबदला म्हटला की बँकेचे खाते आले, आणि खाते म्हटले की पत्ता आला. जिला स्वतःचे गाव आठवत नाही, तिने अर्जाच्या त्या रकान्यात काय लिहावे? पुष्कळांना ठाऊक नसते, की अशांसाठी बँकेत ‘छोटे खाते’ उघडता येते. अधिकृत ओळखपत्र नसले तरी बँकेच्या अधिकाऱ्यासमोर छायाचित्रावर सही किंवा अंगठा देऊन ते सुरू होते. शिल्लक ५०,००० रुपयांच्या आत, वर्षभरातील एकूण जमा १ लाखाच्या आत आणि महिन्याला काढणे १०,००० पर्यंत, अशा त्याच्या मर्यादा आहेत. हे खाते प्रथम बारा महिनेच चालते आणि ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने. काउंटरपलीकडचा माणूस जाणता असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. नसेल तर “आधार आणा” या दोन शब्दांत ते संपते. गंमत अशी, की आधार नोंदणीनेच अनेक हरवलेल्यांचे घर सापडले आहे. बोटांचे ठसे घ्यावेत, नोंदणी नाकारली जावी, आणि चौकशीअंती कळावे की या ठशांची व्यक्ती पूर्वीच नोंदलेली आहे, तिला नाव आहे, जिल्हा आहे, वाट पाहणारा भाऊ आहे.

पण ठसे जुळायच्या आधी कधी कधी सण जुळतो. भाद्रपदात कोकणातल्या घरी तेरड्याच्या गौरी येतात. गौर माहेरी येते म्हणून पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी घावन-घाटले. नव्या सुना सुपे भरून ओवसे घेऊन येतात. ज्यांना माहेर उरलेले नाही अशा बायकांच्या वस्तीत या सणाला वेगळीच धार असते. एखादी फुगडीला उभी राहते, तर एखादी कोपऱ्यात तोंड फिरवून बसते, आणि दुसरीचे रडणे हे आजार बळावल्याचे लक्षण नसून बरे होत असल्याचेही असू शकते. आठवणाऱ्यालाच रडू येते. अशा वेळी तिला ओढून फुगडीत आणू नये, शेजारी तेरडा निवडत बसावे.

आणि घराचा सण तो प्रत्येकीचा सण, असेही नाही. दिवाळी सरते, कंदील उतरतात, आणि कार्तिक शुद्ध षष्ठीच्या सुमारास वर्षभर गप्प असलेली एखादी बाई स्वयंपाकघरात येऊन कणीक आणि गूळ मागते. ती मळते, चपटे गोळे करते, त्यावर नक्षी उठवते. मराठी डोळ्यांना ते काहीच वाटत नाही. पण पूर्वेकडचा कोणी कामगार पाहील तर चटकन ओळखेल, की हा छठपूजेचा ठेकुआ. मग बिहारकडची भाषा जाणणारा माणूस शोधायचा, नदीचे नाव विचारायचे, घाटाचे नाव विचारायचे. डॉ. भरत वटवानी यांच्या कर्जतच्या ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ने असे धागे पकडूनच रस्त्यावरच्या रुग्णांना देशभरातल्या त्यांच्या गावी नेऊन पोहोचवले. त्या कार्याचा २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने गौरव झाला. कणीक-गूळ नाकारणारी शिस्तप्रिय व्यवस्था मात्र हा धागा गमावून बसते.

आता पाहुण्यांविषयी थोडे. जैन समाजात जीवदया आणि अनुकंपा दानाची परंपरा मोठी आहे. महावीर जयंतीला, पर्युषणानंतर, वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीला अशा घरांत मिष्टान्न पोहोचवणारी कुटुंबे गावोगावी आहेत. त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडे. तरी एक नोंद करावीशी वाटते. दिवाळीच्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ठिकाणचे लाडू येतात, रहिवाशांना तीनदा रांगेत बसवून छायाचित्रे निघतात, आणि मधुमेह असलेल्यांची साखर सांभाळता सांभाळता परिचारिका थकते. आषाढात मात्र कोणी येत नाही. पाऊस कोसळत असतो, वीज गेलेली असते, कपडे वाळत नाहीत, अंधारलेल्या हवेने मने खचतात आणि घराला माणसांची सर्वाधिक गरज असते. त्या दिवसांत येऊन तासभर पत्ते खेळणाऱ्या, शेंगा सोलत गप्पा मारणाऱ्या, किंवा जुने कपडे दुरुस्त करायला सुई-दोरा घेऊन बसणाऱ्या पाहुण्याचे नाव रहिवाशांच्या लक्षात राहते. लाडू कोणी दिले हे त्यांना सांगता येत नाही.

सगळ्यांचीच घरे सापडत नाहीत. काहींची सापडतात आणि दार उघडत नाही. वाटण्या झालेल्या असतात, मुलांची लग्ने आई वारली असे सांगून झालेली असतात. फोनवर तसे ऐकलेले तिला कसे सांगायचे, हा प्रश्न ताईंना रात्रभर जागवतो. दुसऱ्या दिवशीही भात झोडायचे असतेच. ती येते, सूप घेते, वाऱ्याची दिशा पाहून उभी राहते.

आणि जिचे दार उघडते, तिच्या निघण्याच्या दिवशी बोचक्यात औषधांच्या चिठ्ठीबरोबर आमसुलाची पुडी असते, तिने स्वतः वाळवलेली. तिच्या गावी ते कशात घालतात हे तिला ठाऊक नसते. ती विचारते, आणि तिठ्यावर गाडी येईपर्यंत तिघी-चौघी तिला सार कसे करायचे ते सांगत राहतात.