पाट्याचे माहेर

पावसाच्या गप्पा निघाल्या की मुंबईकर २६ जुलै २००५ ची कथा सांगितल्यावाचून राहत नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! पण हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, रियुनियन नावाचे फ्रेंचांचे एक बेट आहे. तेथे फॉक-फॉक ह्या ठिकाणी जानेवारी १९६६ मध्ये चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. जगात विक्रम आहे तो. आता बोला!

बेट केवढे, तर अडीच हजार चौरस किलोमीटर. आपल्या गोव्याहूनही लहान. पण मधोमध ३,०७० मीटर उंचीचा पितों दे नेज उभा. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. आग्नेयेकडून येणारे ओले वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंडावतात आणि सारे ओझे पूर्वेच्या उतारावर टाकून मोकळे होतात. पश्चिम किनारा बिचारा कोरडा. महाबळेश्वर भिजते आणि फलटण आभाळाकडे डोळे लावून बसते, तोच न्याय. त्यात चक्रीवादळ आले म्हणजे विचारूच नका. १९६६ चा विक्रमही वादळाचाच.

वरून पाणी आणि खालून आग! पितों दे ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचे शिखर, हा तिथला जागता ज्वालामुखी. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा सेंट-रोझच्या वस्तीत शिरला, घरे गिळली, चर्चला वेढा घातला आणि दाराशी थबकला. चर्च आजही उभे आहे, भोवती वस्तीही आहे. गच्ची गळली म्हणून सोसायटीशी वर्षभर भांडणारे आपण!

ही भट्टी आपल्याला परकी नाही. शास्त्रज्ञांचे प्रचलित मत असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड पार दक्षिणेस होता आणि ह्याच खोल ज्वालास्रोतावरून सरकत होता. तेव्हा उसळलेल्या लाव्हाचे थर म्हणजे आपला काळा कातळ. रायगड त्यातला, अजिंठाही त्यातलाच. भूखंड उत्तरेस निघून आला, आग मागे राहिली. रियुनियन हे तिचे शेंडेफळ. पाण्याबाहेर डोके काढून त्याला जेमतेम वीस-तीस लाख वर्षे झाली.

मी मराठीचा मास्तर. भूशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण यंदा घर बदलताना, आईने चाळीस वर्षे वाटण वाटलेला पाटा न्यावा की नाही ह्यावर वाद पेटला, तेव्हा हे सारे मी घरात ऐकवले. “मिक्सर आहे ना?” म्हणणारी मुले गप्प झाली. सौ.ने पाटा स्वतः धुऊन गोणपाटात गुंडाळला. टेम्पोवाल्याने मात्र त्याचे शंभर रुपये वेगळे घेतले.