असिस्टंट मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

माझा मावसभाऊ पुण्यात एका मोठ्या सुपरस्टोअरमध्ये असिस्टंट मॅनेजर आहे. (कुठल्या ते विचारू नका, त्याची नोकरी घालवायची नाहीये मला.) मॅनेजर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर केबिन, फिरणारी खुर्ची वगैरे येतं. याला खुर्चीच नाही! दिवसाचे दहा-अकरा तास उभा. मावशी त्याच्यासाठी मुली बघतेय. ती कौतुकाने सांगते, "मॅनेजर आहे हो," आणि समोरची मंडळी विचारतात, "म्हणजे दुकानातच ना?"

ही जमात आपल्याकडे तशी नवीनच. बिग बझार २००१ साली सुरू झालं, पवईचं पहिलं डी-मार्ट २००२ मध्ये. २६ जानेवारी २००६ च्या 'सबसे सस्ता दिन'ला तर इतकी गर्दी उसळली की पोलीस बोलवावे लागले. २०२२ मध्ये बिग बझारच्या बऱ्याच दुकानांचा ताबा रिलायन्सने घेतला. पाट्या बदलल्या, पण ही मधली जागा तशीच राहिली. वर स्टोअर मॅनेजर, खाली कॅशियर, रॅक भरणारी पोरं, सिक्युरिटी, आणि मध्ये हा. कॅशियर आला नाही तर काउंटरवर हा. गिऱ्हाईक भडकलं तर पुढे हा.

पण त्याचं खरं काम मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीतून. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणतो, "स्टॉक काय, सिस्टिम बघते की!" तर ऐका. समजा सिस्टिममध्ये तूरडाळीची १२ पाकिटं आहेत आणि रॅकवर एकही नाही. काही चोरीला गेली, काही फाटली, काही बिलात भलत्याच कोडवर चढली. माल आहे असं वाटून सिस्टिम नवी ऑर्डर टाकत नाही. माल नाही म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून सिस्टिमच्या मते मागणीच नाही! रॅक आठवडाभर रिकामा आणि रिपोर्टमध्ये सगळं आलबेल. हा बग कोडमध्ये सापडत नाही. कोणीतरी चालत जाऊन, हाताने मोजून, आकडा दुरुस्त करावा लागतो. तो 'कोणीतरी' म्हणजे माझा भाऊ. रोज, प्रत्येक गल्लीत.

आता तासांचं बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम असं ठरवलं. मात्र व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय जागांवरची माणसं त्यातून बाहेर ठेवली. अमेरिकेतही तीच गंमत. तिथल्या १९३८ च्या कायद्यात आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट पैसे आहेत, पण ठरावीक पगाराच्या वरचे मॅनेजर त्यातून वगळलेले, आणि पुढे संगणकवालेही त्या यादीत गेले. म्हणजे आपणच की राव! व्हिजिटिंग कार्डावर एक शब्द वाढला की घड्याळ बंद. रात्री अडीचला प्रॉडक्शन सपोर्टचा फोन घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तर सध्या भावाला त्याच्याच कंपनीच्या हेड ऑफिसात बोलावलंय. एक्सेलचं काम, पगार तोच, शनिवार-रविवार सुट्टी. आणि हो, खुर्चीसुद्धा! मावशी खूश. हा मात्र अडून बसलाय. "दादा, तिथे बसून मला सिस्टिममधली १२ पाकिटंच दिसणार. रॅक रिकामा आहे हे कोण सांगणार? माझ्यानंतर जो येईल तो मोजेलच असं नाही."

हे मला पटलं. तरी मी त्याला म्हटलं, गेल्या महिन्याचा पगार घे आणि खरोखर भरलेल्या तासांनी भाग. त्याने मोबाइलवर हिशोब केला. मग सिनिअर कॅशियरचा केला, ओव्हरटाइम धरून. दोन्ही आकडे बघून गप्पच बसला. तासाला कॅशियर पुढे होता.

मग आम्ही तिसरा पर्याय लिहून काढला: दुकानातच राहायचं, पण आठवड्याची सुट्टी ठरलेली हवी आणि मोजणीला एक कायमचा माणूस हवा. तोंडी नाही, मेलवर. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर हेड ऑफिस. मेल मीच टाइप करून दिला, त्याने फक्त 'रिस्पेक्टेड सर' वाढवलं.

असो. सोमवारी उत्तर येईल. मावशीला अजून यातलं काही सांगितलेलं नाही.