नोड

कोरल ड्रॉमध्ये एखादी आकृती निवडून एफ-१० दाबलं की तो दिसायला लागतो. रेघेवर बसलेला चिमुकला चौकोन. निवड सोडली की दिसेनासा होतो. पडद्यावर चित्र चौपट मोठं करा, चाळीसपट करा, हा होता तेवढाच राहतो, कारण त्याला आकार असा नाहीच. त्याच्याकडे फक्त ठिकाण आहे: डावीकडून इतके मिलिमीटर, खालून इतके मिलिमीटर. छापलेल्या लग्नपत्रिकेवर तो नसतो, कापलेल्या ॲक्रिलिकवर नसतो, स्टीलच्या डब्यावर कोरलेल्या नावातही नसतो. तरी या तिन्ही ठिकाणी जे रेखीव असतं, ते त्याच्या जिवावर. लेझर कटिंगच्या, रेडियमच्या, नेमप्लेटच्या दुकानांत त्याला नोड म्हणतात.

वळणावरच्या नोडच्या दोन्ही बाजूंना एकेक हँडल असतं, म्हणजे त्याच्यातून निघालेली सरळ बारीक काडी. ही काडी कापली जात नाही. रेघेने इथून निघताना कुठल्या दिशेने निघायचं, एवढंच ती सांगते. काडी लांब ओढली की रेघ त्या दिशेला जास्त वेळ धरून राहते, आखूड केली की लवकर वळते. बैलाला कासऱ्याने वळवावं तसं हे काम आहे. चालायचं रेघेने, आपण ओढ फक्त द्यायची. शिवाय दोन नोड आणि त्यांच्यामधली हँडलची दोन टोकं असे चार बिंदू जोडून जे कुंपण होतं, त्याच्याबाहेर रेघ कधीही जात नाही. हा गणिताने दिलेला शब्द आहे आणि अरुंद किनारीत वेल बसवणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो.

नोडचे स्वभाव तीन. कस्प नोडचे दोन्ही हात एकमेकांना विचारत नाहीत, म्हणून तिथे टोक निघतं. स्मूथचा एक हात फिरवला की दुसरा बरोबर उलट्या दिशेला फिरतो, लांबी मात्र आपापली ठेवतो. सिमेट्रिकलचे हात लांबीलाही सारखे. कोयरी काढून पाहावी, म्हणजे हे बोटांना कळतं. टोकाशी एक कस्प, पोटाच्या सर्वांत फुगलेल्या जागी स्मूथ, मानेच्या वळणावर एक, तळाशी एक. पाच-सहा नोडांत कोयरी उभी राहते. तिथे पंधरा लागले तर हात अजून बसलेला नाही असं खुशाल समजावं.

नोड मुळात छपाईचा, कोरीव कामात तो मागाहून शिरला, असं पुष्कळांना वाटतं. नोडची कुळकथा वेगळं सांगते. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या सिट्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने या वक्रांची रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ या दुसऱ्या मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले. त्यांचं काम १९६०च्या दशकात जगापुढे आलं आणि वक्राला त्यांचं नाव लागलं: बेझिए कर्व्ह. गाडीच्या पत्र्याचा फुगवटा चित्रकाराच्या कागदावरून नमुना करणाऱ्या सुताराकडे, तिथून साचा करणाऱ्याकडे जाताना थोडाथोडा बदलायचा. बेझिए यांना असं वर्णन हवं होतं जे कुणाच्याही हातात गेलं तरी बदलणार नाही. त्यांच्या युनिसर्फ या प्रणालीतून निघालेले आकडे यंत्राला जात आणि यंत्र त्या आकड्यांबरहुकूम फोममध्ये आकार कोरून काढी. नोडची पहिली चाकरी ही अशी कापणाऱ्या पात्याला वाट सांगण्याची होती. कागदावर तो पुढे आला: १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये कॅनडातलं कोरल ड्रॉ, आणि २००३ पासून कुणालाही फुकट वापरता येणारं इंकस्केप. आज चाळीस वॉटच्या छोट्या लेझर मशीनवर त्याला राबताना पाहिलं की मला वाटतं, तो आपल्या मूळ गावी परतलाय.

आपल्याकडे त्याची खरी कसोटी देवनागरी घेते. नेमप्लेटचं नाव टाइप झालं की ‘कर्व्ह’ करतात. त्या क्षणी अक्षरं आपलं अक्षरपण विसरतात, उरतात नुसते नोड आणि त्यांच्यामधल्या रेघा. आता ऱ्हस्वाचं दीर्घ टाइप करून होत नाही, म्हणून ग्राहकाला शुद्धलेखन याआधीच दाखवून घ्यायचं. मग येते शिरोरेषा. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा आपला तुकडा असतो आणि रेघ अखंड दिसावी म्हणून तो शेजारच्या तुकड्यावर किंचित चढवलेला असतो. छपाईत हे कळतही नाही, काळ्यावर काळं बसतं. लेझरला मात्र प्रत्येक कड म्हणजे कापायची वाट. तशीच फाइल सोडली तर दर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषा चिरली जाते आणि नाव सुटं होऊन हातात येतं. म्हणून आधी सगळं वेल्ड करायचं. दोन कडा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नवे नोड बसतात, आतले जातात आणि ‘मातृछाया’ची एक सलग बाह्यरेषा तयार होते.

उलटं काम असेल, म्हणजे पत्र्यातून अक्षरं कापून काढायची असतील, तर पेच आणखी खोल आहे. ‘म’च्या पोटातला बंद तुकडा कापताच खाली पडतो. त्याला बाहेरच्या पत्र्याशी धरून ठेवायला कुठेतरी जोड सोडावा लागतो. रोमन लिपीची सवय असलेला माणूस तो सोयीने वर, शिरोरेषेत सोडतो. आणि डावीकडे शिरोरेषा तुटली की ‘म’ हा ‘भ’कडे झुकतो, ‘घ’ हा ‘ध’ होऊ पाहतो. आपल्या लिपीत शिरोरेषेतली फट हीच काही अक्षरांची ओळख आहे, ती उसनी देता येत नाही. ‘म’चा जोड खालच्या आडव्या रेघेत, उभ्या दांड्याच्या जवळ सोडावा, डोळा तिथे अडत नाही. काम चार नोडांचं आहे. दोन अलीकडे घालायचे, दोन पलीकडे, मधली रेघ तोडायची आणि समोरासमोरच्यांना जोडायचं. पण कुठे तोडायचं हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते लिपी सांगते.

नोडला गर्दी सोसत नाही. फोटोवरून ‘ट्रेस’ मारला की साध्या कमळाला शेकडो नोड चिकटतात. पडद्यावर ते ठीक दिसतं. मशीन मात्र इवल्या इवल्या तुकड्यांशी अडखळत, वेग कमीजास्त करत चालतं. लाकडावर त्या जागी जास्त जळतं, ॲक्रिलिकच्या कडेवर बोट फिरवलं तर दाते लागतात. याउलट पूर्ण वर्तुळाला चार नोड पुरतात. हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली तर खऱ्या वर्तुळापासूनचा फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी पडतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीवर हा फरक मिलिमीटरच्या सुमारे सत्तराव्या भागाइतका, म्हणजे लेझरच्या चिरेहून कितीतरी बारीक. चार जणांनी एवढं नेमकं वर्तुळ तोलून धरावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

नोड खोटं बोलत नाही, पण सांगितल्याखेरीज काही करतही नाही. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये लेझरची चीर साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंद असते आणि नोडांची रेघ तिच्या बरोबर मध्यावर असते. म्हणून कापलेला तुकडा चारही बाजूंनी अर्ध्या चिरेने लहान निघतो आणि ज्या खाचेत तो बसवायचा ती तेवढीच मोठी निघते. लाकडात पितळी किंवा दुसऱ्या रंगाचं नक्षीकाम घट्ट बसवायचं तर हा हिशेब आधी करून बाह्यरेषा तेवढी बाहेर सरकवावी लागते. मापाच्या एककाचंही तसंच. इंकस्केप एका इंचात ९० पिक्सेल मोजायचं, २०१७ मधल्या ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ मोजू लागलं. जुनी फाइल नव्या हिशेबाने वाचली तर १०० मिलिमीटरची पेटी ९३.७५ ची होते, तीन मिलिमीटरची खाच २.८१ ची, आणि तीनचा एमडीएफ तिच्यात शिरत नाही. नोडचा आकडा जसाच्या तसा असतो, वाचणाऱ्याची पट्टी बदललेली असते. म्हणून पहिला तुकडा पुठ्ठ्यावर कापून कॅलिपर लावणारे कारागीर मला शहाणे वाटतात.

चांगल्या दुकानात बाहेरून फाइल आली की जुना ऑपरेटर रंग, सावल्या काही पाहत नाही. तो थेट वायरफ्रेमला, म्हणजे नुसत्या रेघांच्या दृश्याला, जातो आणि नोड वाचतो. वळणाच्या शिखरावर एकेक, सरळ रेघेच्या दोन टोकांनाच, कोपऱ्यावर कस्प, हे दिसलं की फाइल हाताने, समजून काढलेली आहे हे तो ओळखतो. एका रेघेवर दुसरी तशीच रेघ बसलेली असेल तर ती काढून टाकतो, नाहीतर मशीन त्याच वाटेने दोनदा जाऊन कड करपवील. एखाद्या ठिकाणी दोन नोड शेजारी असून जोडलेले नसतील तर दोघांना निवडून जोडतो. मग ॲक्रिलिकची शीट मशीनच्या जाळीवर सपाट ठेवतो, फोकसचं अंतर जुळवतो आणि कापायला सोडतो.