मागे पडण्याच्या तऱ्हा

मागे पडलेल्या घड्याळाबद्दल पहिला प्रश्न ‘किती मागे?’ हा नसावा, ‘कशाच्या मागे?’ हा असावा. बारामतीत घड्याळ म्हटलं की आधी निवडणुकीचं चिन्ह डोळ्यांपुढे येतं; ते बाजूला ठेवू. इथे विषय आहे जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचं, तळहातात मावेल एवढं, काट्यांचं घड्याळ. पण मागेपणाचा हिशोब सूर्यापासून सुरू करायला हवा. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली आणि बारामती त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं या दराने कऱ्हेकाठचा सूर्य, वर्षाच्या सरासरीने, घड्याळात बारा वाजल्यावर बत्तीसेक मिनिटांनी माथ्यावर येतो. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची आपली वेगळी वेळ १९५५पर्यंत जपली होती. त्याला कुणी बिघाड म्हटलं नाही, कारण ते अंतर आज जेवढं तेवढंच उद्या. अंतर वाढू लागलं तर मात्र काहीतरी झिजतंय, सुटतंय किंवा उपाशी राहतंय असं समजावं. आणि ते कसं वाढतं, दररोज थोडंथोडं की एकदम उडी मारून, यातच दुखण्याचं नाव दडलेलं असतं. दर चार दिवसांनी खुंटी फिरवून काटे जुळवणारा मालक नेमका तो पुरावाच पुसून टाकत असतो.

सगळ्यात आवडता संशयित म्हणजे ऊन. कऱ्हाटीच्या जिराईत पट्ट्यात वैशाखातल्या दुपारी उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ज्याने हात लावून पाहिलाय, त्याला हा संशय खराच वाटणार. तो खोटाही नाही, फक्त लहान आहे. क्वार्ट्झ घड्याळातला चिमट्यासारखा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाचा एक ठोका उरतो. हा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सियसला सगळ्यात वेगाने चालतो, आणि गंमत अशी की त्याहून ऊन वाढलं तरी किंवा थंडी पडली तरी तो मंदच होतो. फरक तापमानाच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. तरी चोवीस तास ६० अंशांत भाजला, तरी दिवसाला चारेक सेकंदांहून जास्त मागे पडत नाही. प्रत्यक्षात गाडी भट्टीत असते ती दिवसाचे पाच-सहा तास. त्यात स्फटिकाची जन्मजात चूक मिळवली तरी महिन्याची बेरीज दीडेक मिनिटाच्या आसपास राहते. काही मोटारींच्या घड्याळांत याहून जलद स्फटिक बसवलेला असतो, त्याला ऊन आणखी कमी बाधतं. तेव्हा दिवसाला दहा मिनिटं गमावणाऱ्या घड्याळाने उन्हाकडे बोट दाखवलं, तर ती साक्ष ग्राह्य धरू नये.

मग एवढी मिनिटं जातात कुठे? उत्तर सांगायला या मुलखाइतकी चांगली जागा नाही. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की वरची शेतं आधी भिजतात आणि इंदापूरकडच्या टेलला पाणी पोहोचेपर्यंत धार बारीक होते. टेलचं पीक सुकलं म्हणून कुणी बियाण्याला दोष देत नाही. गाडीतलं घड्याळ हा तसाच टेलचा शेतकरी. त्याची तहान काही मिलिअँपिअरची; पण आपण सेल्फ मारतो तेव्हा स्टार्टर एका दमात शंभराहून जास्त अँपिअर ओढून घेतो. बॅटरी धडधाकट असेल तर साडेबारा व्होल्टचे दहापर्यंत येतात आणि घड्याळ निभावतं. बॅटरी थकलेली असेल, टर्मिनलवर पांढरा-हिरवट बुरा साचला असेल किंवा अर्थची वायर गंजलेल्या बोल्टखाली सैल बसली असेल, तर टोकाच्या गिऱ्हाइकापर्यंत काही पोहोचतच नाही. काटे तिथेच थबकतात आणि वीज परतली की काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पुढे निघतात. आकड्यांच्या घड्याळाला ही चोरी जमत नाही. वीज पुरती गेली की ते सगळं विसरून पहिल्यापासून मोजू लागतं, म्हणून त्याचं दुखणं तिथल्या तिथे उघडं पडतं. काट्यांचं घड्याळ हरवलेली मिनिटं निमूटपणे गिळतं.

म्हणून उपाय आधी स्क्रू-ड्रायव्हरचा नाही, वहीचा आहे. गाडी दोन दिवस उभी ठेवावी, मोबाइलशी ताडून किती गेलं ते लिहावं. मग दोन दिवस पळवावी आणि पुन्हा लिहावं. उभ्या गाडीत जवळजवळ उभी होती तेवढेच तास गेले, तर वायरमनला एकच विचारावं: टेप बसवताना घड्याळाची डायरेक्ट लाईन चावीच्या लाईनवर गेली का? जुन्या गाडीत पूर्वीच्या कुठल्यातरी मालकाच्या हौसेची अशी गाठ काळ्या टेपपट्टीखाली बऱ्याचदा सापडते. पळत्या गाडीतच मिनिटं गळत असतील, तर लूज कॉन्टॅक्ट किंवा तडकलेला डाख शोधावा. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर वर्षानुवर्षं हादरे खाल्ल्यावर डाख तडकला तर नवल नाही. सेल्फ मारतानाच काटा अडखळत असेल तर वर सांगितलेला टेलचा न्याय लावावा. आणि दोन्ही वेळा सारखंच जात असेल, तरच आतल्या घट्ट झालेल्या वंगणाचा, धुळीचा विचार करून घड्याळ उघडावं.

कुणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? वेळ पाहायची असेल तर खरंच कशालाही नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळ त्या नोकरीतून कधीच निवृत्त झालंय. पण जुन्या गाडीत व्होल्टचा काटा सहसा नसतो, आणि तांबडा दिवा लागेपर्यंत चार्जिंगचं रडगाणं ऐकू येत नाही. तोवर टेलचा हा शेतकरीच आधी कण्हतो. दुसरा आक्षेप खर्चाचा: गाडी विकली तर जेवढे येतील त्यात नवं घड्याळ कशाला घालायचं? बरोबरच आहे, घालू नये. नवं घड्याळही त्याच कोरड्या चारीवर बसणार. पॉलिश कागद, गरम पाणी आणि दहा नंबरचा पाना यांत बहुतेक काम भागतं. पैसे खर्चायचेच असतील तर ते बॅटरीवर खर्चावेत. तिसरा आक्षेप मला जास्त पटतो. तो म्हणजे, एवढं करूनही ते तंतोतंत चालणार नाही. नाहीच चालणार. टर्मिनल घासले, अर्थ घट्ट केली, तरी चैत्र-वैशाखात महिन्याकाठी मिनिटभर मागे जाईल आणि पावसाळ्यात ती गळती कमी होईल. त्या मिनिटासाठी मात्र घड्याळ उघडू नये. गाडी लिंबाच्या सावलीला लावावी.