कालनिर्णयावरची साक्ष

चि. भाचीबाईस,


संरक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीत तू शिकाऊ म्हणून जाऊ लागलीस, हे ऐकून बरं वाटलं. घरच्या माराची तक्रार घेऊन तिथे येणारी बाई सहसा तारीख सांगत नाही. ती म्हणते, "थोरलीच्या बारशाला", "गौरी जेवल्या त्या रात्री". उलटतपासणीत मात्र दिवस, महिना, वर्ष विचारलं जातं. कोर्टाची निम्मी तयारी म्हणजे ही दोन कॅलेंडरं जुळवणं. जुनी कालनिर्णयं कुणी जपली असतील तर मागवावीत. त्यांवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात आणि तिला माहेरी धाडलं ते आठ-पंधरा दिवस त्यांतच सापडतात. नेमका दिवस आठवत नसेल, तर 'गणपतीच्या आसपास' एवढंच लिहावं. ठोकून दिलेली तारीख दवाखान्याच्या केसपेपरशी जुळली नाही, की खऱ्या मारावरही शंका येते.

केसपेपरवर 'बाथरूममध्ये पडल्या' असं असतं, म्हणून बायका तो फाडून टाकतात. फाडू देऊ नये. दुखापत आणि तारीख तरी त्यावर असतेच. एनसीची, म्हणजे पोलिसांतल्या अदखलपात्र तक्रारीची प्रत, पासबुक, सोनाराच्या पावत्या आणि स्त्रीधनासाठी लग्नाचा अल्बम, हेही गोळा करावं.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट सगळ्याच आणतात, पण मूळ फोन सासरी राहिलेला! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. म्हणून फोन जपावा, संदेश पुसू नयेत, आणि नवऱ्याला ठाऊक असलेले पासवर्ड आधी बदलावेत.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि तिथून साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं तो म्हणतो. प्रत्यक्षात महिने जातात. त्यामुळे कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागितलेला बरा. वकिलाची फी नाही म्हणून कुणी मागे फिरत असेल, तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

"घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" हे वाक्य फार जणींनी ऐकलेलं असतं. सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते 'सामायिक घर', म्हणजे सुनेला राहण्याचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. त्याच वर्षीचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल तर आपल्या नागपुरातून वर गेलेला. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यायचं, असं त्यात ठरलं. 'दोघांनीही' हे तिला नीट समजावावं लागतं. शिवणकामाचे दोन हजार तिने लपवले आणि ते बाहेर आले, की नवऱ्याचा लपवलेला पगार बाजूलाच राहतो.

जबाब पाठ करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. पाठ केलेलं पहिल्या आडव्या प्रश्नाला गळून पडतं. आदल्या आठवड्यात तिला कोर्टाची खोली दाखवावी, कोण कुठे बसतं ते सांगावं, 'आठवत नाही' हेही उत्तर असतं हे पटवावं. सुनावणी बंद खोलीत व्हावी, अशी विनंती कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १६ खाली करता येते. पण नवरा भेटतो तो बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे तिच्यासोबत कुणीतरी हवं, आणि मूल शक्यतो घरी.

संरक्षण आदेश झाला, की त्याची प्रत तिला विनामूल्य मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रत ठाण्यात पोचली का, हे तू स्वतः फोन करून विचार.

तुझी,
मावशी